बाख खालून ऐका: नव्या कानांसाठी आणि मुरलेल्या कानांसाठीही

तुमचा प्रश्न वाचला, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही असं वाटलं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुम्ही म्हणता की ख्याल, नाट्यगीतं, अभंग ऐकत मोठ्या झालात, आता बाख, म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार, ऐकायची इच्छा आहे, 'बाखच्या सर्वोत्तम दहा रचना' अशी एक यादी मिळाली ती वरून खाली ऐकली पण सगळं एकसारखंच वाटलं, आणि मॅथ्यू पॅशन (येशूच्या अखेरच्या दिवसांची गाऊन सांगितलेली कथा) तर वीस मिनिटांत बंद केलं. घरात सासरे आहेत, ते वर्षानुवर्षं बाख ऐकतात पण ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो आणि गोल्डबर्ग व्हेरिएशन्स यांच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत. तर तुम्हाला सुरुवात करता येईल आणि त्यांनाही काही नवीन मिळेल असं काय आहे, हा तुमचा प्रश्न.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी चेलो वाजवते, शिकवते, आणि इथे जर्मनीत चर्चच्या क्वायरबरोबर कॉन्टिन्युओला बसते. कॉन्टिन्युओ म्हणजे वर गाणारे, व्हायोलिनवाले, ओबोवाले (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) त्यांचं त्यांचं काम करत असतात आणि खाली ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कीबोर्डचं वाद्य) आणि चेलो मिळून सगळ्यांचा बेस धरून ठेवतात, तो विभाग. त्यामुळे बाख मी कायम खालच्या बाजूने ऐकत आलेय, आणि माझं पक्कं मत आहे की नवीन माणसाने त्याच्यात शिरायचं तर तिथूनच शिरावं.

मला वाटतं तुमची खरी अडचण कान कुठे ठेवायचा ही आहे, कुठली रचना हा प्रश्न त्याच्या नंतरचा. तुमचा कान तयार आहे, पण तो तानपुऱ्यावर तयार झालेला आहे. तिथे षड्ज जागचा हलत नाही आणि त्याच्यावर एक आवाज फिरतो, साहजिकच आपण त्या एका आवाजाच्या मागे जातो. बाखमध्ये जमीनच चालत असते. खालचा सूर दर एक-दोन मात्रांनी बदलतो आणि तो बदलला की वरचा तोच सूर वेगळा लागतो, कधी सुखाचा, कधी टोचणारा. तुम्ही फक्त वरची चाल ऐकलीत तर बरेचदा तिथे सरळ पळणारे सूर असतात, एका वेगाने, आणि दहाच्या दहा रचनांत तेच ऐकू आलं तर सगळं एकसारखं वाटणारच, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे तुम्ही ऐकता कशावर. फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणजे अर्धा बाख तिथेच गेला. महागडी सिस्टीम लागत नाही, साधे कानात बसणारे बरे हेडफोन चालतात, पण फोन ओट्यावर ठेवून नको. दुसरं, पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं तुम्हाला रुचतं का. काहींना तो आवाज सुरुवातीला परका वाटतो, कंप फार वाटतो, तसं असेल तर पहिले काही आठवडे नुसती वाद्यं ऐका, गाण्याकडे नंतर या. तिसरं, वेळ. तुमच्याकडे रोज पाचच मिनिटं असतील तर ती पुरतात, कारण मी पाच मिनिटांचेच तुकडे सांगणार आहे, मात्र ते पुन्हा पुन्हा ऐकायचे आहेत. आणि ॲपवरच्या 'अभ्यासासाठी बाख', 'झोपेसाठी बाख' अशा प्लेलिस्ट सध्या बाजूला ठेवा, त्यात वेगवेगळ्या रचनांचे सुटे तुकडे एकामागोमाग लावलेले असतात आणि कान कुठेच टेकत नाही.

सुरुवात 'एअर'ने करा. ऑर्केस्ट्रल स्वीट (छोट्या तुकड्यांचा संच) नंबर 3 मधली दुसरी मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग, जेमतेम पाच मिनिटांची. लोकांना ती 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' नावाने माहीत असते, पण ते रूप ऑगस्ट विल्हेल्मी नावाच्या व्हायोलिनवादकाने 1871 मध्ये केलेलं आहे, बाखच्या मूळ रचनेत पूर्ण तंतुवाद्यांचा ताफा आहे, तुम्ही मूळच ऐका. सुरुवातीला पहिलं व्हायोलिन एकच सूर लांबवून धरतं, ख्याल ऐकणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. आता तो सूर चालू असताना कान खाली न्या. खाली चेलो आणि बेस एक सूर घेतात, तोच सूर दुसऱ्या सप्तकात घेतात, मग एक पायरी खाली, पुन्हा तेच, असं सावकाश उतरत चाललेले असतात. वरचा सूर जागच्या जागी आहे पण खालची पायरी बदलली की त्याचा रंग बदलतो. हे एकदा कानाला कळलं ना की बाखचं दार उघडलं. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐका, दुसऱ्यांदा फक्त खालचं ऐका, जमलं तर बरोबर गुणगुणा, आणि तिसऱ्यांदा परत वरचं. तिसऱ्यांदा ते वेगळं ऐकू येतं, माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे कायम होतं.

त्यानंतर दोन व्हायोलिनचा डी मायनर कॉन्चेर्टो, बीडब्ल्यूव्ही 1043, त्यातली मधली संथ मूव्हमेंट. (बीडब्ल्यूव्ही हा बाखच्या रचनांचा अनुक्रमांक, शोधताना तो टाकला की नेमकी तीच रचना सापडते. मायनर म्हणजे कोमल गंधाराची पट्टी, मेजर म्हणजे शुद्ध गंधाराची.) दुसरं व्हायोलिन सुरुवात करतं, थोड्या वेळाने पहिलं व्हायोलिन तीच चाल वरच्या सुरात घेऊन येतं आणि मग दोघं एकमेकांच्या अंगावरून सूर नेतात, एकाचा सूर लांबतो तेव्हा दुसरं हलतं. कोणीही कोणाला साथ करत नाहीये, दोघंही मुख्य आहेत. खाली बाकीची वाद्यं हलकेच झुलता ठेका धरून आहेत. इथे तुमचं काम म्हणजे दोन आवाज वेगळे ओळखायचे आणि धरून ठेवायचे. सासऱ्यांना सांगा तुम्ही पहिलं धरा मी दुसरं धरते, आणि मग अदलाबदल करा.

मग ब्रँडेनबर्ग. हे सहा कॉन्चेर्टो बाखने मार्च 1721 मध्ये ब्रँडेनबर्गच्या मार्ग्रेव्हला (एक जर्मन सरदार) अर्पण केले म्हणून हे नाव, तेव्हा तो क्योटनला दरबारात नोकरीला होता. तुम्ही तिसऱ्यापासून सुरू करा, तीन व्हायोलिन, तीन व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या आवाजाचं), तीन चेलो आणि खाली बेस, एक छोटी कल्पना तीन गटांमध्ये कशी फेकली-झेलली जाते ते हेडफोनवर अक्षरशः डावीकडून उजवीकडे जाताना कळतं. पाचव्यात हार्प्सिकॉर्ड आहे, ते आधी नेहमीसारखं साथीला बसलेलं असतं, हळूहळू पुढे येतं आणि पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटाकडे बाकी सगळे थांबतात आणि ते एकटंच 65 बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) वाजवत सुटतं. साथीदाराला एवढी मोकळीक त्या काळात नवीनच होती. दुसऱ्या ब्रँडेनबर्गच्या पहिल्या मूव्हमेंटबद्दल एक गोष्ट तुम्हाला आवडेल. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर बाखचे तीन तुकडे आहेत आणि त्यातला एक हा, आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा कधीतरी, एकाच बैठकीत. एका सुरावर उभं राहून काय काय उभं करता येतं आणि अनेक सूर एकमेकांवर रचून काय उभं करता येतं, हे कुठल्याही लेखापेक्षा तिथे चांगलं कळेल.

सासऱ्यांनी ब्रँडेनबर्ग ऐकलेत म्हणता, पण सहावा किती वेळा ऐकलाय ते विचारा. बहुतेकांचा सहावा राहून जातो. त्यात व्हायोलिन एकही नाही, दोन व्हायोला, दोन व्हायोला द गांबा (पायांमध्ये धरून गजाने वाजवायचं जुनं वाद्य), चेलो आणि कॉन्टिन्युओ, सगळा आवाज मधल्या आणि खालच्या पट्टीतला. पहिल्या मूव्हमेंटमध्ये दोन व्हायोला तीच चाल एकमेकांच्या इतक्या जवळून वाजवतात, फक्त अर्ध्या मात्रेच्या अंतराने, की प्रतिध्वनी ऐकतोय असं वाटतं. बाख स्वतः समूहात वाजवताना व्हायोला घेणं पसंत करायचा, म्हणजे तोही मधून ऐकणारा माणूस होता.

लोकप्रिय रचनांमधल्या काही गोष्टी पटकन सांगून टाकते. पियानो शिकणारी बहुतेक मुलं जो जी मेजरमधला मिन्युएट वाजवतात तो बाखचा नाही, क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे, बाखच्या दुसऱ्या बायकोच्या, आना माग्डालेनाच्या 1725 च्या वहीत तो उतरवलेला होता म्हणून बाखच्या नावावर चालला. ऑर्गनचा प्रसिद्ध टोकाटा आणि फ्यूग डी मायनर (फ्यूग म्हणजे एकच विषय एकेका आवाजाने पाठोपाठ घेत बांधलेली रचना), ज्याची सुरुवात भुताच्या सिनेमांत वापरतात, त्याच्या कर्तृत्वावर काही अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे, ऐकायला जोरदार आहे, ऐका, पण त्याच्यावरून बाखचं मत बनवू नका. आणि 'वेल टेम्पर्ड क्लाविअर' या कीबोर्डच्या संग्रहाचा पहिला सी मेजर प्रिल्यूड (सुरुवातीचा तुकडा), ज्याच्यावर गुनोने नंतर 'आवे मारिया' बसवलं, तो सुंदर आहे पण त्यात चाल अशी नाहीच, नुसते स्वरसमूह बदलत जातात, तर तो 'एअर'नंतर ऐका, आधी ऐकलात तर काही हाती लागणार नाही.

आता चेलो स्वीट्स. बहुतेक याद्यांमध्ये पहिल्या स्वीटचा प्रिल्यूड सगळ्यात वर असतो आणि मी चेलोवाली असूनही तो सगळ्यात आधी ऐकायला सांगत नाही, कारण तिथे वाद्य एकच आहे आणि बेस, मधला आवाज आणि वरचा आवाज हे सगळं त्या एकाच ओळीत लपवलेलं आहे. खालचं ऐकायची सवय नसेल तर तो नुसता सुरांचा झरा वाटतो. सवय झाल्यावर मात्र तुम्हाला तो खास जवळचा वाटेल, कारण पहिले चार बार सगळ्यात खालचा जी सूर जागचा हलतच नाही, वरचं बदलत जातं आणि प्रत्येक वेळी आपण त्याच मोकळ्या तारेवर परत येतो, म्हणजे तुमचा षड्जच. मग तो हलतो. तो पहिल्यांदा हलतो तेव्हा वाजवताना मला आजही हातात जाणवतं. शेवटाकडे एक मोकळी तार सतत वाजत राहते आणि तिच्यावर सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत जातात, जवळजवळ घुसमट होईपर्यंत, आणि मग शेवटचा स्वरसमूह येतो.

हे सहा स्वीट्स बाखच्या हस्ताक्षरात उपलब्ध नाहीत, आना माग्डालेनाची नक्कल आहे, म्हणून कुठे गज जोडायचा कुठे तोडायचा याच्यावर चेलोवाल्यांचं आजही एकमत नाही. पाब्लो कासाल्सला 13 व्या वर्षी बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांची जुनी छापील प्रत सापडली, आणि 1936 ते 1939 मध्ये त्याने सहाही रेकॉर्ड केले, तोपर्यंत लोक त्यांना सरावाचे धडेच समजत. कासाल्सचं ऐका, मग आनर बिल्स्माचं जुन्या पद्धतीच्या चेलोवरचं ऐका, तो बोलल्यासारखं वाजवतो, आणि यो-यो मा यांनी तर आयुष्यात तीन वेळा पूर्ण संच रेकॉर्ड केलाय. तोच प्रिल्यूड या तिघांचा ऐकलात की एकच बंदिश तीन गायकांकडून ऐकल्यासारखं होईल आणि तुम्हाला त्यातला कोण आपला ते लगेच कळेल. सासऱ्यांनी पाचव्या स्वीटची साराबांद (संथ नृत्याचा तुकडा) ऐकावी. त्यात एकही जोडसूर नाही, एकेरी ओळ फक्त, आणि तरी खालची सगळी इमारत ऐकू येते, न वाजवलेली.

आता सासऱ्यांच्या गोल्डबर्गकडे येते, कारण इथे तुम्ही दोघं एकत्र बसू शकता. 1741 मध्ये छापलेली रचना, एक आरिया (इथे सुरुवातीचा संथ तुकडा), तिच्यावर 30 व्हेरिएशन्स आणि शेवटी तीच आरिया पुन्हा. बरेच लोक वर्षानुवर्षं ऐकून असं धरून चालतात की ही त्या आरियाच्या वरच्या चालीची रूपं आहेत, आणि मग चाल कुठे गेली म्हणून शोधत बसतात. चाल परत येतच नाही. परत येतो तो बेस आणि त्याच्यावरचे स्वरसमूह. त्या बेसचे पहिले आठ सूर आपल्या पद्धतीने सांगायचे तर सा, मग खाली मंद्रात नी ध प, आणखी खाली जाऊन ग म प, आणि शेवटी खालचा सा. सगळे शुद्ध स्वर. हे तुम्ही पेटीवर वाजवा, सासऱ्यांना आरिया लावायला सांगा आणि सुरुवातीच्या आठ बारमध्ये बाराला एक असे हे सूर मोजा. एकदा ते कानात बसले की पुढच्या प्रत्येक व्हेरिएशनच्या खाली ते सापडतात, कुठे उघडे, कुठे नक्षीत झाकलेले. दर तिसरं व्हेरिएशन हा कॅनन आहे, म्हणजे एक आवाज जे म्हणतो तेच दुसरा थोड्या वेळाने म्हणतो, तिसऱ्यात त्याच सुरावर, सहाव्यात एक सूर वर, असं वाढत वाढत सत्ताविसाव्यापर्यंत. 15, 21 आणि 25 ही तीनच मायनरमध्ये आहेत आणि पंचविसावं हा सगळ्या रचनेचा खोल तळ आहे, ते ऐकल्यावर मी थोडा वेळ थांबते, लगेच पुढे जात नाही.

सासऱ्यांकडे बहुधा ग्लेन गूल्डचं रेकॉर्डिंग असेल, ते 1955 चं आहे की 1981 चं बघा. पहिलं तरुणपणीचं, साधारण 38 मिनिटांत संपणारं, दुसरं 51 मिनिटांचं, आणि एकाच माणसाने तेच सूर इतके वेगळे पाहिलेले ऐकणं हा स्वतंत्र अनुभव आहे. एखादं हार्प्सिकॉर्डवरचंही ऐका कारण लिहिलंय त्याच वाद्यासाठी, दोन कीबोर्ड असलेल्या, जिथे हात एकमेकांवरून जातात ते त्यात स्पष्ट होतं. आणि त्यांना हे माहीत नसेल तर सांगा, बाखच्या स्वतःच्या छापील प्रतीत मागच्या पानावर त्याच्या हाताने लिहिलेले आणखी 14 कॅनन 1974 मध्ये सापडले, ते सगळे याच आठ सुरांवर आहेत, बीडब्ल्यूव्ही 1087. सगळे मिळून काही मिनिटांचे आहेत, गोल्डबर्ग पाठ असलेल्या माणसासाठी ही खरी मेजवानी.

इथून मुरलेल्या माणसाला पुढे नेणारा एक सरळ रस्ता आहे, एकच बेस पुन्हा पुन्हा फिरवून बांधलेल्या रचनांचा. ऑर्गनचा पॅसाकाग्लिया सी मायनर, बीडब्ल्यूव्ही 582, त्यात आठ बारचा विषय आधी एकटा पायाने वाजवला जातो आणि मग 20 व्हेरिएशन्स आणि फ्यूग. मग व्हायोलिनच्या दुसऱ्या पार्टिटातला (हाही स्वीटसारखाच संच) शाकोन, चार तारांवर साधारण पंधरा मिनिटं, मायनर, मग मध्यावर मेजरमध्ये उजाडतं आणि पुन्हा मायनर. (पहिल्या बायकोच्या मृत्यूवर लिहिला असं बरेच ठिकाणी वाचाल, तिचा मृत्यू 1720 मध्ये झाला आणि हस्तलिखितही 1720 चं, पण याला पुरावा नाही, आणि शाकोनला त्याची गरजही नाही.) आणि मग बी मायनर मासमधलं (मास म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीचं संगीत) 'क्रुसिफिक्सस'. इथे बेस उतरतो तो सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प असा, युरोपात शोकाची जुनी खूण होती ही उतरण. चार बारचं आवर्तन तेरा वेळा. तेराव्यांदा वरची सगळी वाद्यं थांबतात, क्वायर अगदी खाली जातं, आणि बेस नेहमीच्या वाटेने न जाता वळून मेजरमध्ये उतरतो. हे संगीत बाखने 1714 च्या एका कँटाटासाठी (गायक आणि वाद्यं मिळून सादर करायची रचना) लिहिलं होतं आणि तीसहून जास्त वर्षांनी आयुष्याच्या अखेरीस पुन्हा हातात घेऊन मासमध्ये बसवलं, आणि तो शेवटचा वळणाचा भाग त्याने तेव्हा नव्याने घातला.

यानंतर कँटाटा. खरं सांगायचं तर बाखचं मुख्य काम हेच आहे आणि लोकप्रिय याद्यांमध्ये त्याला जवळजवळ जागा नसते. 1723 मध्ये तो लाइपझिगला थॉमस चर्चचा कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, झाला आणि पहिली काही वर्षं जवळपास दर रविवारी नवीन कँटाटा लिहून, पार्ट उतरवून, मुलांकडून बसवून सादर करत होता. साधारण 200 शिल्लक आहेत, बहुतेक वीस-पंचवीस मिनिटांच्या. सासरे दिवसाला एक ऐकू लागले तरी अर्ध्या वर्षाची सोय झाली.

दोघांनी मिळून ऐकायला पहिली मी बीडब्ल्यूव्ही 140 सांगेन, 'वाखेट आउफ', 1731 ची, आणि त्यातला फक्त चौथा भाग आधी. त्यात तीनच पदर आहेत. वर सगळी व्हायोलिन आणि व्हायोला एकच चाल एकत्र वाजवतात, डौलदार, जवळजवळ नाचरी. खाली आम्ही, बेस. आणि थोड्या वेळाने मध्ये टेनर (वरच्या पट्टीतले पुरुष गायक) येतात आणि पूर्ण वेगळीच, लांब-लांब सुरांची धून गातात जिचा वरच्या चालीशी काही संबंध नाही असं वाटतं आणि तरी ती चपखल बसते. ती धून म्हणजे लुथरन चर्चमधलं जुनं स्तोत्र, समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असलेलं, आपल्याकडे कीर्तनात बुवांनी अभंगाचं पहिलं अक्षर उच्चारलं की सगळा मंडप पुढचं म्हणतो तसं. लोकांना ते आतून माहीत होतं म्हणूनच बाख त्याच्याभोवती एवढं नवीन विणू शकला. मी विद्यार्थ्यांना हा भाग चार वेळा ऐकवते, एकेक पदर एकेकदा आणि मग सगळे एकत्र, आणि चौथ्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. याचंच ऑर्गनचं रूपही बाखने केलंय, बीडब्ल्यूव्ही 645. शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दहा कुमारींच्या दृष्टान्तावर आहेत, अध्याय 25.

मग बीडब्ल्यूव्ही 78. पहिलं कोरस त्याच उतरत्या शोकाच्या बेसवर, म्हणजे 'क्रुसिफिक्सस' ऐकून आलेल्या सासऱ्यांना तो लगेच ओळखू येईल, आणि लगेच पाठोपाठ सोप्रानो (सगळ्यात वरचा आवाज) आणि आल्टोचं (त्याच्या खालचा) द्वंद्वगीत, 'आम्ही दुबळ्या पण उत्साही पावलांनी धावत येतो' असे शब्द आणि खाली चेलो शब्दशः पावलं टाकत धावतोय. कॉन्टिन्युओला बसून वाजवायला याच्याइतकं आनंदाचं दुसरं काही मला माहीत नाही. शिवाय बीडब्ल्यूव्ही 82, 'इख हाबे गेनुग', एकटा गायक आणि ओबो, मृत्यूकडे समाधानाने बघणारा म्हातारा शिमोन. आणि 106, बाख विशीच्या सुरुवातीला असताना लिहिलेली, दोन रेकॉर्डर (उभ्या बासऱ्या) आणि दोन गांबांची, जिची सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं ऐकूनच कळतं की हा मुलगा पुढे काय करणार आहे. 'जेसू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग' हा जो तुकडा सगळीकडे वाजतो तो 147 मधला आहे, सासऱ्यांनी पियानोवरचा ऐकला असेल तर आता पूर्ण कँटाटा ऐकावी.

थोडक्यात तुमचा क्रम: एअर, दोन व्हायोलिनची संथ मूव्हमेंट, ब्रँडेनबर्ग 3 आणि 5, चेलोचा प्रिल्यूड, गोल्डबर्गची आरिया पेटीवर आठ सुरांसकट, मग 140 चा चौथा भाग. त्यांचा: ब्रँडेनबर्ग 6, गोल्डबर्ग खालून, पॅसाकाग्लिया, शाकोन, क्रुसिफिक्सस, 78. दोघं 140 पाशी भेटता.

आणि मग मॅथ्यू पॅशन पुन्हा हातात घ्या. ते पावणेतीन तासांचं आहे, 1727 च्या गुड फ्रायडेला पहिल्यांदा झालं, दोन क्वायर, दोन ऑर्केस्ट्रा, आणि भाषा माहीत नसताना पहिल्यापासून ऐकायला घेतलं तर वीस मिनिटांत थकायला होणारच. आधी मराठी बायबलमधले मत्तयाचे अध्याय 26 आणि 27 वाचा, अर्ध्या तासाचं वाचन आहे, सगळं कथानक तिथे आहे आणि कथा सांगणारा टेनर तेच शब्द गातो. मग सुटा भाग ऐका, 'एर्बार्मे दिख'. पेत्राने येशूला तिसऱ्यांदा नाकारलंय, कोंबडा आरवलाय, तो बाहेर जाऊन रडतो, आणि मग एक व्हायोलिन आणि आल्टो. खाली बेस हलक्या पावलांनी चालत राहतो, थांबत नाही, आणि त्यानेच ते रडणं सावरून धरलंय.

त्यानंतर 'आउस लीबं'. पिलात विचारतो याने काय वाईट केलंय, जमाव एकदा ओरडून झालाय 'वधस्तंभावर खिळा' आणि दुसऱ्यांदा ओरडणार आहे, त्या दोन ओरडण्यांच्या मध्ये सोप्रानोची ही आरिया, म्हणजे एकल गाणं, आहे. साथीला एक बासरी आणि दोन जुन्या घाटाचे ओबो, बस. बेस नाही. ऑर्गन नाही, चेलो नाही, आम्ही गज मांडीवर ठेवून बसलेलो असतो. सगळी संध्याकाळ ज्याच्यावर उभं राहिलो ती जमीनच बाखने काढून घेतलीय, कारण गातेय ती की याने काहीच अपराध केलेला नाही, प्रेमापोटी मरतोय. हे मी खाली बसून अनुभवते तेव्हा अंगावर काटा येतो, आणि आधी काही आठवडे बेस ऐकायची सवय केली असेल तर तुम्हालाही येईल, नाहीतर ती फक्त एक नाजूक आरिया वाटून निघून जाते. म्हणून मी एवढं खालून ऐका, खालून ऐका म्हणतेय.

रेकॉर्डिंगचं विचारलं होतंत. कँटाटांसाठी मासाआकी सुझुकी आणि बाख कॉलेजियम जपान, त्यांनी चर्चच्या सगळ्या कँटाटा रेकॉर्ड केल्यात, आवाज स्वच्छ आहेत आणि प्रत्येक पदर वेगळा ऐकू येतो, गाण्यातला कंपही कमी, तुम्हाला सोपं जाईल. फुकट बघायचं असेल तर नेदरलँड्स बाख सोसायटी 2014 पासून 'ऑल ऑफ बाख' नावाने एकेक रचना उत्तम व्हिडिओसकट नेटवर टाकतेय, त्यात बेस वाजवणारे डोळ्यांना दिसतात, नवीन माणसाला याचा फार उपयोग होतो. एक लक्षात ठेवा, जुन्या वाद्यांवर वाजवणारे बहुतेक गट 415 ची पट्टी (ए सूर सेकंदाला 415 कंपनांचा) धरतात, म्हणजे आजच्या 440 पेक्षा अर्धा सूर खाली. सासऱ्यांना त्यांच्या सीडीची सवय असेल तर तेच गाणं 'उतरलेलं' वाटेल, ते रेकॉर्डिंग बिघडलेलं नाही, आणि तुम्ही पेटीवर आठ सूर वाजवाल तेव्हा 'जी' सुराचा सा धरून जमलं नाही तर अर्धा सूर खालचा सा धरून बघा.

ऑर्गनचं रेकॉर्डिंग मी मुद्दाम सुचवलं नाही, कारण ते तुमच्याकडे स्पीकर कसा आहे त्याच्यावर ठरेल, छोट्या स्पीकरवर पॅसाकाग्लियाचा पायाने वाजवलेला पहिला विषय ऐकूच येणार नाही. कशावर ऐकता ते कळवा, मग त्याप्रमाणे सांगते.